रोजचं रेखाटन, लांब बैठका की सुट्टी: थकलेल्या चित्रकाराने काय निवडावं?

"रोज काढत राहा" हा सल्ला चित्रकाराला दोन अगदी वेगळ्या वेळी मिळतो. हात अजून बसलेला नसतो, डोक्यातलं कागदावर उतरत नाही, तेव्हा मिळतो. आणि हात इतका बसलेला असतो की लोक सही न बघता चित्र ओळखतात, पण काढणाऱ्यालाच ते बघवेनासं झालेलं असतं, तेव्हाही हाच मिळतो. पहिल्याला तो लागू पडतो. दुसऱ्याला त्याचा बहुतेकदा त्रासच होतो. म्हणून एकच सल्ला सगळ्यांना वाटण्यापेक्षा पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

ढोबळमानाने पर्याय चार. रोज थोडा वेळ रेखाटन. आठवड्यातून दोन-तीन लांब बैठका. महिनाभराची मोहीम, म्हणजे चॅलेंज. आणि सरळ सुट्टी. माझा कल आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तो वजा करता येईल. रोजचं रेखाटन हात घडवायला या चारांत सगळ्यात चांगलं. शैली बदलायला बेताचं. आणि जो खरोखर थकलाय त्याला ते आणखी थकवतं.

रोज थोडं

या पर्यायाची बाजू जुनी आणि भक्कम आहे. ग्रीक चित्रकार अपेलीस कितीही कामात असला तरी एखादी रेघ ओढल्याशिवाय दिवस जाऊ देत नसे, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. यामागे नुसती शिस्त नाही, कारणही आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका दमात घोकण्यापेक्षा तेवढीच घोकंपट्टी अनेक दिवसांत वाटली की जास्त टिकते, हे त्यात दिसलं. त्याने ते निरर्थक अक्षरगटांवर केलं होतं. पण हाताच्या कौशल्यांतही अंतर ठेवून केलेला सराव जास्त टिकतो, हे पुढे अनेकांना आढळलं. हाताचे पंजे काढायला शिकायचं असेल तर एका सुट्टीच्या दिवशी सलग अडीच तास घालवण्यापेक्षा आठवडाभर रोज वीस मिनिटं दिलेली बरी.

दुसरा फायदा असा की पान स्वस्त होतं. आठवड्यातून एकदाच वही उघडणाऱ्याला त्या दिवसाचं चित्र चांगलंच यावं लागतं, नाहीतर आठवडा वाया गेल्यासारखं वाटतं. रोज काढणाऱ्याचं आजचं बिघडलं तर उद्याचं आहेच. ही बेफिकिरी नवशिक्याला फार कामाची, कारण त्याची निम्मी चित्रं बिघडणारच असतात. तिसरा फायदा क्षुल्लक वाटतो, पण आहे. बसायचं की नाही, याचा रोजचा वाद संपतो.

खंड पडला की सगळं गेलं, ही भीती मात्र काढून टाका. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण माणसामाणसातला फरक प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला अंदाजे २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रांच्या नव्हत्या, हे लक्षात ठेवूनही मुद्दा उरतोच. कॅलेंडरवरची फुल्यांची अखंड माळ बघायला छान दिसते. तापात उठून एक फुली मारण्याइतकी ती मोलाची नाही.

आता यातली खरी अडचण, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दिवसभराच्या कामानंतरच्या वीस मिनिटांत हात धोका पत्करत नाही. तो ठाऊक असलेल्या वाटेनेच जातो. स्वतःची जुनी चित्रवही काढून बघा. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या वहीत बहुतेक चेहरे डावीकडे बघत असतात, कारण कपाळ, नाक, हनुवटीची रेघ त्या बाजूने सहज वळते. माणसांचे हात खिशात किंवा पाठीमागे असतात. पावलं पानाच्या खालच्या कडेला कापली जातात. डोळे मात्र भरपूर, आणि सुबक. त्या वहीत मेहनत असते, सातत्य असतं, आणि त्याबरोबर टाळलेल्या गोष्टींची अख्खी यादी असते. रोजचा सराव असलेलंच हातवळण पक्कं करतो. त्यात लपवाछपवी असेल तर तीही पक्की होते.

यावर उपाय आहेत. विषय आदल्या रात्री ठरवून ठेवायचा, म्हणजे वही उघडल्यावर हाताला निवडीची संधीच मिळत नाही. आठवडाभर एकच अवघड गोष्ट घ्यायची: समोरून दिसणारं पाऊल, सायकल, खुर्चीत रेललेला माणूस. एक दिवस वस्तुचित्र समोर बघून, दुसऱ्या दिवशी तीच वस्तू न बघता स्मरणचित्र म्हणून. दुसऱ्या दिवशी काय आठवत नाही, त्यावरून पहिल्या दिवशी काय नीट पाहिलं नव्हतं ते कळतं. यासारखा झणझणीत शिक्षक दुसरा नाही.

रोजच्या कामाची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात आणि दोन्ही अर्धवट सांगितली जातात. 'बीपल' या नावाने काम करणारा अमेरिकन कलाकार माइक विंकलमन याने १ मे २००७ पासून रोज एक चित्र करायला सुरुवात केली. पहिल्या ५,००० चित्रांचं एकत्रित डिजिटल कोलाज मार्च २०२१ मध्ये लिलावात सुमारे ६.९ कोटी डॉलरला विकलं गेलं. लोक तो आकडा सांगतात आणि थांबतात. आपल्या उपयोगाचं वेगळंच आहे: त्याने सुरुवात हाताने रेखाटण्यापासून केली आणि नंतर त्रिमितीचं सॉफ्टवेअर शिकायला याच रोजच्या कामाला जुंपलं. म्हणजे रोजपणा तसाच ठेवला आणि साधन बदललं. दुसरं उदाहरण होकुसाईचं. हा जपानी चित्रकार १८४२-४३ च्या सुमारास, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, अरिष्ट टळावं म्हणून रोज सकाळी एक सिंह काढत असे. त्यातली दोनशेहून अधिक रेखाटनं आज उपलब्ध आहेत. विषय एकच, पण सिंह कधी नाचतोय, कधी आळस देतोय, कधी माणसासारखा वागतोय. आणि ती विकायला काढलेली नव्हती. रोजच्या चित्राला गिऱ्हाईक नसलं की त्याचा स्वभाव बदलतो. तो मुद्दा पुढे येईलच.

आठवड्यातून दोन-तीन लांब बैठका

या पर्यायाला कौतुक कमी मिळतं. "आठवड्यातून तीनदा बसतो" हे सांगायला काही भारदस्त वाटत नाही. पण ज्याचा पाया झालाय आणि गाडी अडलीय, त्याला मी बहुतेक वेळा हाच सुचवतो.

कारण चित्राला मधली एक कुरूप अवस्था असते. कच्चं रेखाटन देखणं दिसतं, मग छटा भरायला लागलं की सगळं चिखल होतं, आणि त्या चिखलातून चित्र बाहेर काढायला पाऊण-एक तास लागतो. वीस मिनिटांच्या सरावात ही अवस्था येतच नाही. तुम्ही रोज सुरुवाती काढत राहता. वर्षभरात शेकडो सुरुवाती जमतात आणि चित्र निस्तरायचा अनुभव जवळजवळ नसतो. लांब बैठकीत ते टाळता येत नाही. रचना फसली, हे अर्ध्या तासाने कळतं आणि अजून दीड तास शिल्लक असतो. मग माणूस कागद फिरवतो, अर्धं चित्र काळं करून टाकतो, खोडरबराने उजेड काढतो. नवीन काही सापडायचं असेल तर ते इथे सापडतं.

लांब म्हणजे किती? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. मेहनतीचे तास मोजायला लोक तो वापरतात, पण त्यातला विश्रांतीचा भाग विसरतात. सगळ्यात चांगले वादक एकट्याने रोज सरासरी साडेतीन तासांच्या आसपास सराव करत, तोही तुकड्यांत, मध्ये थांबून. आणि दुपारची डुलकी इतरांपेक्षा जास्त घेत. पूर्णवेळ वादकांची ही मर्यादा असेल तर नोकरी सांभाळून चित्र काढणाऱ्याने सलग चार तास बसायचा हट्ट करू नये. तास-सव्वा तास, उठून फिरणं, पुन्हा तेवढंच. पुष्कळ झालं.

कमी कामाची लाज वाटत असेल तर वासुदेव गायतोंडे आठवावेत. त्यांच्या चित्रांची संख्या वर्षाला पाच-सहाच्या घरात असे. बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात जाई. अर्थात, गायतोंडेंचं नाव सांगून आळशीपणा झाकणारेही पुष्कळ भेटतात, ते सोडून द्या.

तोटे खरे आहेत. मध्ये दोन-तीन दिवस गेले की पहिला अर्धा तास हात आखडलेला असतो. तो जेश्चरच्या, म्हणजे आकृतीची नुसती हालचाल पकडणाऱ्या, झटपट रेखाटनांत घालवावा, चित्राच्या कागदावर नको. एक बैठक हुकली की आठवड्याचं एक-तृतीयांश काम गेलं. आणि सलग दोन तास मोकळे मिळणं ही चैन प्रत्येकाला परवडत नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, कामाच्या पाळ्या बदलत असतील, तर हा पर्याय कागदावरच राहतो. अशांनी रोजची पंधरा मिनिटंच धरावीत आणि एकच चित्र आठवडाभर पुढे न्यावं. तेही चालतं. कुरूप अवस्था मग बुधवारी येते, एवढाच फरक.

महिनाभराची मोहीम

यावर थोडक्यात. सगळ्यात गाजलेली मोहीम 'इंकटोबर': जेक पार्करने २००९ मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून सुरू केली, ऑक्टोबरचे ३१ दिवस, ३१ शाईची चित्रं. शाई खोडता येत नाही, त्यामुळे रेघेत निर्धार येतो, हे खरं. महिन्याला शेवट असतो, हेही चांगलं. ज्यांना सुरुवातच होत नाही त्यांना धक्का म्हणून मोहीम उत्तम.

थकलेल्याला मात्र मी हात जोडून नको म्हणेन. दहाव्या दिवसापर्यंत उत्साह असतो, पुढे इतरांची चित्रं बघून आपलं चित्र मोठं, तपशीलवार, दाखवण्याजोगं करायचा दबाव वाढतो आणि वीस मिनिटांचे तीन तास होतात. गंमत म्हणजे मोहिमेच्या नियमांतच दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा काढायची मुभा आहे. ती कुणी घेताना दिसत नाही.

थकवा कसला, ते आधी ओळखा

निवड इथे चुकते. "कंटाळा आलाय", "बर्नआउट झालाय" या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीला औषध वेगळं.

पहिली शरीराची. अंगठ्याच्या मुळाशी कळ, मनगटात ठणका, बोटांना मुंग्या, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं. यात प्रेरणेचा काही संबंध नाही. चिवटपणे काढत राहिलात तर महिन्याचं दुखणं वर्षाचं होतं. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा, आणि तोवर थांबा. बरं झाल्यावर पेन्सिल सैल धरणं, मोठ्या रेघा मनगटाऐवजी खांद्यातून ओढणं, कागद उभा किंवा तिरका ठेवणं, दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडणं याने फरक पडतो. टॅब्लेटवर काढणाऱ्यांनी एक तपासावं: पेन किती जोराने दाबता? दाबाची सेटिंग मऊ केली की निम्मा ताण जातो, आणि हे करायला दोन मिनिटं लागतात. कामाचा आकार बदलणं हाही मार्ग आहे. गायतोंडेंचा १९८४ मध्ये अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास शक्य नव्हते. त्या काळात ते कागदावर शाईने लहान कामं करत राहिले.

दुसरी गोष्ट विषयाचा वीट. वही उघडायला काही वाटत नाही, पेन्सिल हातात घेतली की बरंही वाटतं, पण पुन्हा तोच चेहरा, तेच केस, तीच छटा येताना दिसली की चिडचिड होते. हा थकवा नव्हेच. शैली कात टाकायला लागली की असं होतं. याला सुट्टी दिली तर सुट्टीनंतर तोच चेहरा पुन्हा समोर येतो. इथे लांब बैठका हव्यात आणि साधन बदलायला हवं.

तिसरी गोष्ट दाखवण्याचा थकवा, आणि आजकाल हीच सगळ्यात जास्त दिसते. ओळखायची खूण सोपी आहे: हे चित्र कुणालाही कधीही दाखवायचं नाही असं ठरवून काढायला बसा. काढताना हलकं वाटलं, तर थकवा काढण्याचा नव्हता, पोस्ट करण्याचा होता. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मधला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. बालवाडीतली, चित्र काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगाचे पेन समोर ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी काढलेली मुलं बाकीच्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. म्हणजे बाधलं ते बक्षिसासाठी काढणं. रोज चित्र काढून रोज लाइक मोजणारा मोठा माणूस याहून फार निराळा नसावा, असं मला वाटतं.

म्हणून रोज काढणं आणि रोज दाखवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, ते एकत्र घेऊ नका. एक वही कायमची खाजगी ठेवा. तिचा फोटो काढायचा नाही, कुणी चाळायला मागितली तरी द्यायची नाही. दाखवायचं असेल ते आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा, निवडून. पोस्ट कमी झाल्या की आकडे घसरतात, हे खरं आहे आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला ते लागतं. त्याने जुनी, साठवलेली कामं आधीच लावून ठेवून ही फट भरावी. फॉलोअरला चित्र आजचं आहे की चार महिन्यांपूर्वीचं, हे कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

चौथी गोष्ट खरा बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची व्याख्या दिली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. कारण म्हणून दीर्घकाळचा, न सावरलेला कामाचा ताण दिला आहे. चित्रकाराच्या बाबतीत माझी एक साधी चाचणी आहे: दुसऱ्याचं उत्तम चित्र बघून अजून हुरूप येतो का? येत असेल तर तुम्ही पहिल्या तिघांपैकी कशात तरी आहात. त्या चित्राकडे बघूनही आत काही हलत नसेल, उलट सगळा चित्रांचा पसाराच नकोसा वाटत असेल, तर सराव बंद करा. कमी करून बघू नका, बंदच करा. आणि चित्रांपलीकडे झोप, भूक, माणसं, सगळंच बेचव झालं असेल तर वेळापत्रकाचा विचार सोडून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. नैराश्यावर चित्रवही हा उपचार नाही.

थांबणं

सुट्टीबद्दल दोन व्यंगचित्रमालिकाकार शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. स्नूपी कुत्र्याचे जनक चार्ल्स शुल्झ यांनी १९५० ते २००० अशी पन्नास वर्षं, १७,८९७ स्ट्रिप काढल्या आणि या काळात एकदाच, १९९७ मध्ये, पाच आठवड्यांची सुट्टी घेतली. कॅल्विन हा पोरगा आणि त्याचा वाघ निर्माण करणाऱ्या बिल वॉटरसन यांनी १९८५ ते १९९५ अशी दहाच वर्षं काम केलं, त्यात नऊ-नऊ महिन्यांच्या दोन सुट्ट्या घेतल्या आणि मग थांबले. यातून रोज काढणारा थोर की थांबणारा, असा निकाल काढता येत नाही. दोघांचीही कामं टिकली.

वॉटरसन यांच्या पहिल्या सुट्टीनंतर काय झालं ते जास्त बोलकं आहे. १९९२ मध्ये परतताना त्यांनी रविवारच्या स्ट्रिपसाठी अर्धं पान मागून घेतलं, चौकटींची मोडतोड संपादकांनी करायची नाही या अटीवर. त्याआधी वर्तमानपत्रांच्या सोयीसाठी चौकटी ठरलेल्या साच्यात बसवाव्या लागत. अट मान्य झाल्यावर रविवारची पानं खुलली: उंच चौकटी, बिनचौकटीची चित्रं, रिकाम्या जागा. नुसती विश्रांती घेऊन ते त्याच साच्यात परतले असते तर हे झालं नसतं.

सुट्टी आणि इतर पर्याय यांतला फरक इथे आहे. सुट्टीने शक्ती भरून येते. ज्या कारणाने शक्ती संपली ते कारण सुट्टीने जात नाही. म्हणून सुट्टी घेताना दोन गोष्टी ठरवाव्यात: परतायची तारीख, आणि परतल्यावर काय वेगळं असेल. कमी कमिशन, म्हणजे मागणीनुसार काढून द्यायची कामं? रोज पोस्ट करणं बंद? डिजिटल सोडून काही महिने चारकोल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुट्टीच्या सुरुवातीला सापडत नाही, त्याची घाई नको. तारीख मात्र हवी, कारण तारखेशिवायची सुट्टी हळूहळू अपराधी वाटायला लागते आणि मग ती विश्रांतीही राहत नाही.

हात जातो का? थोडा जातो. रेघ थरथरते, प्रमाण चुकतं, आणि काही दिवसांत परत येतं. नजर मात्र सुट्टीतही चालू राहते, किंबहुना काढायचं ओझं नसताना माणूस जास्त बघतो. परतल्यावरच्या पहिल्या आठ-दहा पानांवरून स्वतःचा न्याय करू नका, एवढंच पथ्य.

शैली बदलतेय, तिचं काय

शैली दोन तऱ्हांनी बदलते. एक सरकत सरकत. पिएट मोंद्रियान यांची झाडं बघा: आधी ओळखू येणारं झाड, मग फांद्यांच्या रेघा, मग नुसत्या रेघांचं जाळं, आणि पुढे उभ्या-आडव्या पट्ट्या. कोणत्याही दोन चित्रांमध्ये उडी फार मोठी नाही. अशा बदलाला रोजचा सराव पोषक असतो, कारण प्रत्येक दिवस कालच्या पानावर उभा राहतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे तुकडा पाडणं. फिलिप गस्टन हे अमूर्त चित्रकार म्हणून नावाजलेले होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी रंगचित्रं बाजूला ठेवली आणि नुसती रेखाटनं करत राहिले: आधी जवळजवळ काहीच नसलेली, एक-दोन रेघांची; मग पुस्तकं, बूट, साध्या वस्तू. त्यातून व्यंगचित्राच्या वळणाची, बोजड आकृत्यांची चित्रं आली. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती मांडली तेव्हा समीक्षकांनी झोडपली, जवळचे काही मित्रही दुरावले. आज गस्टन यांचं नाव मुख्यतः त्याच चित्रांमुळे घेतलं जातं. पण त्यात त्यांना जे सोसावं लागलं ते सोसावंच लागलं. नंतरच्या कौतुकाने ते भरून निघालं, असं म्हणणं सोपं आहे.

तुमचा बदल कोणत्या जातीचा आहे, यावर निवड अवलंबून आहे. सरकणारा असेल तर वेळापत्रकाला हात लावू नका, फक्त विषय आणि साधन हलवत राहा. तुकडा पाडणारा असेल तर रोजचा सराव आड येतो, कारण रोज पंधरा-वीस मिनिटांत हात जुन्या वळणावर परततो आणि आदल्या लांब बैठकीत मिळालेलं पुसून टाकतो. अशा काळात रोजचा सराव महिना-दोन महिने पूर्ण बंद ठेवून फक्त बैठका ठेवाव्यात, असं माझं मत आहे. बरेच जण ते ऐकून दचकतात.

आणि ज्यांची ओळख, पर्यायाने कमाई, जुन्या शैलीवर उभी आहे त्यांनी दोन्ही शेजारी चालवाव्यात. कमिशन जुन्या हाताने, स्वतःचं काम नव्या. पोर्टफोलिओत नवं काम मालिका म्हणून वेगळं ठेवावं, जुन्यात मिसळू नये. मागणी करणाऱ्याला काय मिळेल ते स्पष्ट दिसलं पाहिजे. नवी मालिका आठ-दहा चित्रांची होईपर्यंत ती कुणाला दाखवू नये. दोन चित्रांवर आलेल्या प्रतिक्रियांनी भल्याभल्यांचे बदल अर्ध्यात परतवले आहेत. डिजिटलवाल्यांनी रेघ सरळ करणारा स्टॅबिलायझर या काळात बंद करावा. तो सगळ्यांच्या रेघा सारख्याच गुळगुळीत करतो. आणि नवे ब्रश डाऊनलोड करणं म्हणजे शैली बदलणं नव्हे, हेही एकदा सांगून ठेवतो.

मग कुणी काय घ्यावं

पहिली दोन-तीन वर्षं असतील तर रोज, पंधरा ते तीस मिनिटं, न दाखवता, आठवड्याला एक दिवस सुट्टी धरून. यात मला फारशी शंका नाही. पाया झालाय, वीट आलाय, पण शक्ती आहे: दोन-तीन लांब बैठका, एकच विषय, नवं साधन, निदान सहा आठवडे. सहा आठवड्यांनी सगळी पानं जमिनीवर तारखेच्या क्रमाने मांडा आणि पहिल्या-शेवटच्यात काही हललंय का ते बघा. हललं नसेल तर वेळापत्रक बदलून उपयोग नाही, विषय चुकलाय. दाखवण्याने थकलेल्याने वेळापत्रक तसंच ठेवावं आणि फक्त पोस्ट करणं थांबवावं. त्याला सुट्टीची गरज बहुधा नसते. खरोखर संपलेल्याने थांबावं, तारखेसह.

राहिले ते पूर्णवेळ चित्रकार आणि इलस्ट्रेटर, जे दिवसाचे सात-आठ तास दुसऱ्यांसाठी काढतात आणि तरी 'स्वतःचा रोजचा सराव होत नाही' म्हणून खंतावतात. हात तर दिवसभर चालूच असतो, त्याला आणखी रेघांची गरज नाही. त्यांनी रोजच्या सरावाचा विचार सोडावा आणि त्याऐवजी आठवड्यातली एक सकाळ कामाच्या वेळातूनच काढावी, कामानंतरची उरलीसुरली रात्र नको. त्या सकाळी कमिशनचं टेबल, कमिशनचं साधन आणि कमिशनचा आकार, तिन्ही टाळायचे. टॅब्लेटवर पोट भरत असेल तर मोठा कागद आणि कोळसा. बारीक पेनने भरत असेल तर रुंद ब्रश. ती सकाळ डेडलाईनच्या आठवड्यात हमखास कापली जाते, म्हणून नवं काम घेताना तारीख सांगतानाच ती वगळून दिवस मोजायचे.